पंधराव्या वर्षीचा नवशिका : मानखुर्द आणि नृत्यशिक्षणाच्या वयाचा प्रश्न

नृत्यशिक्षण कोणत्या वयात सुरू व्हावे, या प्रश्नाला मुंबईतील मराठी मध्यमवर्गीय घरांत अनेक वर्षे जवळजवळ एकच उत्तर दिले गेले आहे : सहाव्या-सातव्या वर्षी, शाळेच्या पहिल्या इयत्तांत, शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये. या उत्तरामागे शरीराच्या लवचीकतेचा विचार जितका असतो, तितकाच सोयीचाही असतो; कारण त्या वयातील मूल आईवडील नेतील तिथे जाते आणि त्याच्यावर अभ्यासाचा भारही नसतो. मानखुर्दसारख्या भागात मात्र हा क्रम बहुधा उलटा लागतो. तिथे लहानपणी क्लासला घालणे हा घरखर्चात न बसणारा प्रकार असतो आणि शिकण्याची इच्छा तेरा ते सोळा या वयात, मुलाच्या स्वतःच्या मनातून आणि बऱ्याचदा मोबाईलच्या पडद्यावरून निर्माण होते. अशा मुलामुलींना पहिल्याच दिवशी ‘आता उशीर झाला’ असे ऐकावे लागते. हा उशीर नेमका कशाच्या तुलनेत मोजला जातो, त्यातील किती भाग शरीराचा, किती नृत्यप्रकाराचा आणि किती जागेचा व परवानगीचा, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

मानखुर्द हा मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व प्रभागातील भाग आहे. १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी, गोवंडीचे शिवाजीनगर-बैंगनवाडी, ट्रॉम्बेचा कोळीवाडा आणि रेल्वे-रस्ते प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी उभारलेल्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहती यांनी या प्रभागाची ओळख घडवली असून, महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व प्रभागांमध्ये त्याचे स्थान शेवटचे होते. तरीही नकाशा पाहिला तर नृत्यशिक्षणाची प्रस्थापित केंद्रे येथून दूर नाहीत. हार्बर मार्गावर गोवंडी ओलांडले की चेंबूर येते, जिथे १९६२ मध्ये स्थापन झालेली फाइन आर्ट्स सोसायटी संगीत आणि भरतनाट्यम यांचे शिक्षण देते. उलट दिशेला खाडीपूल ओलांडताच वाशी लागते, जिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. आणि कुर्ल्याला गाडी बदलली की माटुंगा गाठता येते, जिथे १९४५ पासून श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर चालत आले आहे. अंतर किलोमीटरांत मोजले तर फारसे नाही, परंतु फी, संध्याकाळचा प्रवास आणि ‘तिथे आपल्यासारखे कोणी नसेल’ ही धास्ती धरून मोजले तर ते बरेच वाढते.

या वयातील नवशिक्याला कोरी पाटी समजणे ही शिक्षकांकडून होणारी पहिली चूक ठरते. मानखुर्दचा पंधरा वर्षांचा मुलगा हळदीच्या कार्यक्रमात बँजो पार्टीसमोर नाचलेला असतो, गणपतीच्या मिरवणुकीत आणि चौदा एप्रिलच्या जयंतीत त्याने तासन्‌तास ठेका धरलेला असतो, आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी कोणीतरी ‘बसवलेला’ डान्स पंधरवड्यात पाठ करून सादर केलेला असतो. लयीची जाण, गर्दीत अंग मोकळे सोडण्याची सवय आणि दुसऱ्याच्या हालचाली पाहून उचलण्याची हातोटी ही त्याची शिदोरी असते. त्याच्याकडे जे नसते ते म्हणजे हालचालीचे सुटे भाग करण्याचे शिक्षण : वजन कोणत्या पायावर आहे, पाठीचा कणा कुठे आहे, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे पडली आणि चूक झाली तर ती कोणत्या मात्रेला झाली, हे ओळखण्याची रीत. बसवलेल्या नाचात एकेक स्टेप पाठ करायची असते, तर शिक्षणात ती स्टेप ज्या घटकांतून बनली ते घटक घोटायचे असतात. पहिल्या दोन महिन्यांत अनेक किशोरवयीन मुले क्लास सोडतात, त्यामागे अंग वळत नाही यापेक्षा हा अपेक्षाभंग अधिक असावा. गाणे लागेल म्हणून आलेल्या मुलाला तिथे तीन गतींत एकच पदन्यास करायला लावतात, आणि असे का, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

शरीराच्या अंगाने पाहिले तर किशोरावस्था ही खरोखरच वेगळी अवस्था आहे, फक्त ती प्रचलित समजुतीप्रमाणे केवळ तोट्याची नाही. मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंचीवाढीचा वेग सर्वाधिक असतो. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत उंची वाढू शकते. हाडे आधी लांबतात आणि स्नायू व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) मागाहून त्यांच्या मापाला येतात, त्यामुळे या काळात मांडीचे मागचे स्नायू आखडतात, वाकले की हात जमिनीला टेकत नाहीत आणि कालपर्यंत जमलेला तोल आज जमत नाही. हा तात्पुरता अवघडलेपणा म्हणजे कायमची अक्षमता नव्हे, हे शिक्षकाला ठाऊक नसले तर तो मुलाला ‘ताठ’ ठरवून मागच्या ओळीत उभा करतो. याच काळात लांब हाडांच्या टोकांजवळची वृद्धिपट्टिका, म्हणजे हाड जिथून वाढते तो कूर्चेचा थर, अजून हाडात रूपांतरित झालेली नसते आणि वारंवार पडणारा ताण तिला सोसवत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येणे ही उड्या मारणाऱ्या आणि धावणाऱ्या किशोरांमधील नेहमीची तक्रार आहे. वाढ थांबली की ती बहुधा आपोआप शमते, पण ‘दुखल्याशिवाय येत नाही’ या न्यायाने तिच्यावर पाय आपटत राहणे शहाणपणाचे नसते.

दुसऱ्या बाजूने, या वयात बळ वाढते, सूचना समजून त्याप्रमाणे शरीरात बदल करण्याची क्षमता लहान मुलापेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि आठ वर्षांच्या मुलाला जे वर्षभर केवळ अनुकरणाने करावे लागते ते पंधरा वर्षांच्या मुलाला कारणासह सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा या वयोगटासाठी दररोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत. मैदाने अपुरी असलेल्या वस्तीत, त्यातही वयात आल्यावर मैदानातून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी, नृत्यवर्ग हा त्या मापाजवळ पोचण्याच्या मोजक्या मार्गांपैकी एक आहे.

मात्र ‘नृत्य’ ही एकच गोष्ट धरून वयाचा विचार करता येत नाही, कारण प्रत्येक प्रकाराचे घड्याळ वेगळे आहे. पाश्चात्त्य बॅलेमध्ये संपूर्ण पाय नितंबाच्या सांध्यातून बाहेरच्या बाजूला वळवणे हा पाया असतो. मांडीच्या हाडाच्या मानेला असलेला पीळ बालपणापासून हळूहळू कमी होत जातो आणि किशोरावस्थेच्या अखेरीस स्थिरावतो. म्हणून उशिरा येणाऱ्याला या बाबतीत जे मिळाले आहे त्यातच भागवावे लागते. ते मान्य न करता गुडघे आणि घोटे पिळून पाय बाहेर वळवले की दुखापत ठरलेली. भरतनाट्यममधील अरमंडी, म्हणजे टाचा जवळ ठेवून गुडघे दोन्ही बाजूंना उघडत केलेली अर्धी बैठक, हीदेखील याच सांध्यावर अवलंबून असते. परंतु तिथे पूर्ण कोनापेक्षा बैठकीची स्थिरता आणि अडवूंची (पाय, हात, दृष्टी यांनी मिळून बनलेल्या मूलभूत नृत्तघटकांची) स्पष्टता यांना मोल असते, आणि स्थिरता सरावाने कमावता येते. कथकची उभी, मोकळी देहठेवण किशोरवयीन नवशिक्याला त्याहून सोपी जाते. तिथली कसोटी तत्कारात, म्हणजे तालाच्या बोलांप्रमाणे पावलांनी उमटवायच्या आघातांत असते, आणि ढोल-ताशा किंवा बँजोच्या सहवासात वाढलेल्या मुलाला ती परकी वाटत नाही. ब्रेकिंग हा जमिनीवर हात-खांद्यांच्या आधाराने केला जाणारा हिप-हॉपचा प्रकार तर मुलांच्या बाबतीत पौगंडावस्थेत येणाऱ्या दंड-खांद्यांच्या बळावरच उभा आहे, त्यामुळे तिथे चौदावे-पंधरावे वर्ष ही सुरुवातीची अगदी स्वाभाविक वेळ ठरते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाल्यामुळे ‘रस्त्यावरचे चाळे’ म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्या पालकांसमोर ठेवायला मुलांना एक पुरावा मिळाला, जरी २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत तो वगळलेला असला तरी.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा इतिहास भारतीय नृत्यात दुर्मीळ नाही. कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म १९०४ चा आणि भरतनाट्यमचे पहिले जाहीर सादरीकरण १९३५ चे, म्हणजे वयाच्या तिशीनंतरचे. मराठी नृत्यजगताच्या अधिक जवळचे उदाहरण रोहिणी भाटे यांचे आहे : १९२४ मध्ये जन्मलेल्या रोहिणीताईंनी आधी आचार्य पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यमचे धडे घेतले, कथककडे त्या वळल्या १९४६ च्या सुमारास, पदवी शिक्षणाच्या अखेरीला, आणि १९४७ मध्ये तर त्यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था उभी केली. प्रतिमा बेदी यांनी १९७५ मध्ये मुंबईत ओडिसीचा प्रयोग पाहिला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या केलुचरण महापात्रांकडे शिकू लागल्या. ही नावे वर्गावर्गांतून प्रोत्साहन म्हणून सांगितली जातात, पण ती सांगताना एक गोष्ट गाळली जाते. या तिघींपाशी शिक्षण होते, ओळखी होत्या आणि दिवसाचे अनेक तास सरावाला देण्याइतकी मोकळीक होती. वयाची उणीव त्यांनी वेळ देऊन भरून काढली, आणि वेळ हाच मानखुर्दच्या मुलाकडे सर्वांत कमी असलेला ऐवज आहे.

म्हणून त्याहून बोलकी उदाहरणे अलीकडच्या मुंबई परिसरात शोधावी लागतात. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा अमीरुद्दीन शाह या दोघांनी मुंबईत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाकडे बॅले शिकायला सुरुवात केली ती बॅलेच्या मोजमापाने कमालीच्या उशिरा. पुढे शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला आणि चौहानने अमेरिकेत शिक्षण घेतले. सूनी तारापोरवाला यांच्या २०२० च्या ‘ये बॅले’ या चित्रपटाला या दोघांच्याच वाटचालीचा आधार आहे आणि चौहानने त्यात स्वतः भूमिका केली आहे. यातील शिक्षक, शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय हे घटक बाजूला काढले तर काहीच शिल्लक राहत नाही, त्यामुळे इच्छाशक्तीचा विजय म्हणून ही कथा सांगणे अपुरे ठरते. वसई-नालासोपारा पट्ट्यातील मुलांनी उभा केलेला किंग्ज युनायटेड हा गट निराळ्या रीतीने घडला. २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले आणि २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली. अशा गटात, म्हणजे क्रूमध्ये, शिकवणारा ‘दादा’ हा शिकणाऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असतो, फी नाममात्र किंवा शून्य असते, आणि नवा मुलगा पहिल्या दिवसापासून इतरांसोबतच उभा राहतो. वयाचा संकोच इथे उद्भवतच नाही. उद्भवतो तो धोक्याचा प्रश्न, कारण उलट्या उड्या आणि माणसांचे मनोरे कोणत्याही गादीविना, कधी रेतीवर तर कधी सिमेंटवर शिकले जातात.

प्रस्थापित शास्त्रीय वर्गांत मात्र संकोच रचनेतच असतो. प्रारंभिक इयत्तेची बॅच सात-आठ वर्षांच्या मुलींची असते आणि नव्याने आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या खांद्याइतकीही उंची नसलेल्यांमध्ये उभे राहून तट्टडवू, म्हणजे पावलांच्या आघातांचे अगदी पहिले अडवू, करावे लागतात, तर तिच्या वयाच्या मुली शेजारच्या खोलीत प्रगत रचनेपर्यंत, म्हणजे वर्णम्‌पर्यंत पोचलेल्या असतात. ‘उशीर झाला’ ही भावना जितकी शरीरातून येते, तितकीच, किंबहुना अधिक, या मांडणीतून येते. किशोरवयीन नवशिक्यांची स्वतंत्र बॅच हा त्यावरचा साधा उपाय असून तो फार थोड्या ठिकाणी केला जातो, कारण शिक्षकाला अशी बॅच भरेल याची खात्री नसते आणि ती टिकेल याचीही नसते.

परीक्षांची व्यवस्था या प्रश्नात दुहेरी काम करते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण आणि विशारद प्रथम व पूर्ण या सात पायऱ्या दरवर्षी एक याप्रमाणे चढल्या, तर चौदाव्या वर्षी आरंभ करणारी मुलगी एकविसाव्या वर्षी विशारद होते; म्हणजे तिच्या पदवीच्या आगेमागेच. हा हिशेब पालकांसमोर मांडला की उशिराचा बाऊ पुष्कळसा ओसरतो. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्यांना दहावीत अतिरिक्त गुण देण्याच्या राज्य शासनाच्या धोरणामुळे नृत्याला घरात थोडी प्रतिष्ठाही मिळाली आहे. मात्र त्या गुणांसाठी दहावीपूर्वीच काही पातळ्या पार केलेल्या असाव्या लागतात, त्यामुळे नववीत आलेल्या मुलीला त्या गुणांचे आमिष दाखवणारा क्लास तिची दिशाभूल करतो. पुढे व्यवसाय म्हणून विचार करणाऱ्यांसाठी डॉ. कनक रेळे यांनी जुहूला उभारलेले, मुंबई विद्यापीठाशी संलग्न नालंदा नृत्यकला महाविद्यालय पदवीपर्यंतचा मार्ग देते, विद्यापीठाची लोककला अकादमी तमाशा, लावणी, गोंधळ यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहते, आणि मानखुर्दला लागून असलेल्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेच्या सहकार्याने नृत्य-उपचाराचा, म्हणजे हालचालींच्या साहाय्याने मानसिक आधार देण्याच्या पद्धतीचा, पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. उशिरा आलेल्याला मंचावरचा एकल कलाकार होणे कठीण असेल, तरी शिक्षक, रचनाकार, अभ्यासक किंवा उपचारक होण्याच्या या वाटा त्याला बंद नाहीत.

आता जागेचा प्रश्न. पुनर्वसन इमारतींतील घरे दोनशे पंचवीस चौरस फुटांच्या आसपासची. त्यात अर्धवर्तुळ फिरायचे म्हटले तरी आधी भांडी आणि माणसे हलवावी लागतात, आणि पायाचा आघात केला की खालच्या मजल्यावरून हाक येते. म्हणजे घरचा सराव, ज्याच्याविना कोणतेही नृत्य अंगात मुरत नाही, तो इथे जवळजवळ अशक्य. वर्गाची जमीन बहुधा सिमेंटवर थेट बसवलेल्या लाद्यांची असते. खालून पोकळी असलेली लाकडी जमीन आघाताचा काही भाग शोषून घेते. लादी तो जवळजवळ पूर्णपणे नडगीकडे परत पाठवते. अशा जमिनीवर नवशिक्याने पहिले काही महिने पूर्ण जोराचे आघात टाळावेत, आठवड्यात दोन-तीनच दिवस आणि दिवसाआड वर्ग घ्यावा, हिप-हॉपच्या वर्गात जाड तळाचे बूट वापरावेत, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत आणि तरीही क्वचितच पाळले जातात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर शंभर कुटुंबांमागे बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटी कार्यालय यांसाठी जागा राखण्याची तरतूद आहे. या खोल्या संध्याकाळचे दोन तास उघडल्या तर वस्तीला भाड्याविना सरावाची जागा मिळू शकते, आणि नवे सांस्कृतिक भवन बांधण्याच्या घोषणांपेक्षा हे काम पुष्कळ लवकर होऊ शकते.

अन्न आणि हवा यांचा उल्लेख नृत्यविषयक लेखनात सहसा होत नाही, पण इथे तो टाळता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील पंधरा ते एकोणीस वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. रक्तात लोह कमी असलेली मुलगी दहा मिनिटांत धापा टाकू लागते, आणि तिच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. अशा दिवशी दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत वीस मुलांना उड्या मारायला लावण्यापेक्षा हस्तमुद्रा किंवा हाताने ताल धरणे शिकवणारा शिक्षक अधिक जाणता.

राहिला परवानगीचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. राज्य सरकारने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. या सगळ्या काळात वर्तमानपत्रांतून झालेल्या चर्चेने कष्टकरी वस्त्यांतील मुलींच्या नाचण्यावर संशयाची जी सावली धरली, ती अजून पुरती हटलेली नाही. लावणीकडे पाहण्याच्या दुटप्पी दृष्टीची जुनी परंपरा तिच्यामागे होतीच. म्हणून भरतनाट्यम चालते पण ‘वेस्टर्न’ नको, असा तोडगा अनेक घरांत निघतो. मुलीची आवड त्यात विचारली जात नाही. मुलाच्या बाबतीत अडथळा उलट्या दिशेने येतो : हिप-हॉप खपून जाते, पण त्याने पायात घुंगरू बांधले की चेष्टा सुरू होते, जरी कथकची घराणी पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः पुरुष गुरूंनी चालवली असली आणि मुंबईतील भरतनाट्यमच्या आद्य मराठी आचार्यांमध्ये पार्वतीकुमारांचे नाव अग्रभागी असले तरी. पालकांच्या भीतीत एक रास्त भागही आहे. देहठेवण सुधारताना शिक्षकाला विद्यार्थ्याच्या अंगाला स्पर्श करावा लागतो, विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतो, आणि २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा नृत्यवर्गालाही लागू आहे. स्पर्शापूर्वी विचारणे, दार उघडे ठेवणे, पालकांना कोणत्याही दिवशी वर्ग पाहू देणे, या गोष्टी ज्या वर्गात पाळल्या जातात त्या वर्गाला मुली मिळतात, हे फीच्या सवलतीपेक्षा अधिक खात्रीने सांगता येते.

वेळेच्या निवडीबाबत एक व्यावहारिक मुद्दा उरतो. या वयातील बहुतेक प्रवेश दहावीची परीक्षा संपल्यावर, मार्चअखेरीस होतात आणि जूननंतर अकरावीच्या प्रवेशांत, दूरच्या कॉलेजच्या प्रवासात आणि पाठोपाठ येणाऱ्या गोविंदा-गणपतीच्या तयारीत गळतात. दोन महिन्यांत अडवूंचा पहिला गटही पुरा होत नाही. आठवी किंवा नववीच्या जूनमध्ये आठवड्याला दोनच दिवसांची, दहावीच्या वर्षी एका दिवसावर आणता येईल अशी बॅच सुरू केली आणि तिची वेळ पाणी येण्याच्या व धाकट्या भावंडांना सांभाळण्याच्या वेळेशी भिडणार नाही असे पाहिले, तर तीच मुले अकरावीतही येत राहण्याची शक्यता वाढते; कारण तोवर त्यांनी तिसऱ्या गतीतला अडवू किंवा चौगुणीतील (चौपट लयीतील) तत्कार एकदा तरी न चुकता केलेला असतो, आणि घरच्यांनीही सातच्या सुमाराला मुलगी क्लासला असते हे गृहीत धरलेले असते.